छोट्या रेल्वेचा पावसाळा

1:87 या प्रमाणात इंजिन वीतभर होते आणि रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर. मुंबई-इगतपुरी मार्गावर धावलेल्या ‘खेकडा’ इंजिनाचे, म्हणजे डब्ल्यूसीजी-1चे, असेच एक मॉडेल माझ्याकडे आहे. मे संपता संपता ते बांधून ठेवायचे काम सुरू होते.

आधी मऊ कोरड्या ब्रशने छतावरची धूळ. मग चाके: आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत फिरवायचा, पण रंगाला लागू द्यायचा नाही. गिअरमधले जुने ग्रीस पुसून काढायचे. ते घट्ट झाले की मोटार अडते. पँटोग्राफ खाली दाबलेला हवा. चाकांवरच्या रबरी कड्या वर्षानुवर्षांसाठी ठेवताना उतरवलेल्याच बऱ्या.

गुंडाळायला आम्लरहित टिश्यू कागद. रद्दी वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. बबल रॅप रंगाला टेकला तर गोल वळ उठतात, आणि खोक्यातला स्पंज काही वर्षांत चिकट भुगा होऊन रंगाला धरतो. कपाटातल्या सवयीच्या डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिनचे प्लास्टिक मऊ पडते. सिलिका जेलची पुडी मात्र हवीच, आणि तिचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा कोरडी करायची.

जागेबाबत मी हट्टी आहे. नाशिकचा उन्हाळा चाळिशी गाठतो, तेव्हा स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो; पुढचे चार महिने बाहेरच्या भिंतींना ओल. खोके आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून वर, आडवे.

एका रोगावर मात्र उपाय नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही मॉडेलांत जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले होते. असा धातू आतून फुगतो, चिरतो, शेवटी हातात तुकडे येतात. दमटपणाने हे लवकर होते. कोरड्या जागेने फक्त वेळ मिळतो, म्हणून अशा गाडीचे फोटो आणि मापे आधीच घेऊन ठेवावीत.

पुण्यात कोथरूडला 1998पासून असलेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात गाड्या प्रेक्षकांसमोर धावतात. घरातली गाडीही दिवाळीत काढून दहा मिनिटे चालवावी. आणि वडिलांची, आजोबांची गाडी माळ्यावर पडलेली असेल, तर या आठवड्यातच ती खाली आणा. मूळ खोके फेकू नका.