ओरखडा आणि खाडा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की निफाड-सिन्नरकडचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. अर्धवट तोडलेला फड, घोळक्याने उभे मजूर आणि कुणाच्या तरी हातात बिबट्याचे बछडे. खाली बदामांचा पाऊस. अशाच एका फोटोत बछडा धरलेल्या मनगटावर मला बारीक लाल रेघ दिसली. अशा रेघेचं पुढे काय होतं हे बघायला मी निफाड तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, इंजेक्शनच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

रांग बहुतेक कुत्रा चावलेल्यांची. त्यात ती आली, मनगटाला पदर गुंडाळून. मागे टोळीचा मुकादम. आदल्या संध्याकाळी उसाच्या सरीत मांजराचं पिल्लू समजून तिने काहीतरी उचललं होतं आणि त्याने पंजा मारला होता. वन खात्याची माणसं येऊन गेली होती. पिल्लू रात्री त्याच जागी ठेवलं, आई घेऊन गेली, असं तिने जरा समाधानानेच सांगितलं.

“रगतबी नाही आलं,” मुकादम म्हणाला. “हळद लावलीय. एक सुई मारा न् जाऊ द्या.”

सिस्टरने सुईला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या नळाकडे बोट केलं. “साबण तिथंच आहे. पंधरा मिनिटं.”

“पंधरा?”

“पंधरा. मोबाइलवर लावा.”

पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरणं किती लांबतं, हे शेजारी उभं राहिल्यावर कळलं. चौथ्या मिनिटाला तिने हात काढला, सिस्टरने परत ढकलला. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने मोडतं. उशीर झाला असला तरी धुवायचंच. हळद, चुना, मिरची, तेल यांनी यातलं काहीच होत नाही. उलट चोळण्यात घाण आत जाते. लोकांना धुणं ही किरकोळ तयारी वाटते आणि सुई हे खरं औषध. सिस्टर मात्र नळालाच पहिलं औषध मानते.

पण पाणी कुठून आणायचं? हिच्या कोपीपाशी दोन हंडे, तेही प्यायचे. सल्ला देणाऱ्या पत्रकांत नळ गृहीत धरलेला असतो. “तांब्याने ओतत राहायचं, पण पंधरा मिनिटं,” सिस्टर म्हणाली. पंधरा मिनिटांत किती तांबे रिकामे होतील, याचा हिशेब बाईच्या चेहऱ्यावर दिसत होता.

कुत्र्याचा असा बिनरक्ताचा ओरखडा असता तर तो रेबीजच्या जखमांच्या दुसऱ्या श्रेणीत गेला असता. त्याला लस पुरते. शिवाय पाळीव कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवता येते. बिबट्याला दहा दिवस कोण बांधून ठेवणार? म्हणून आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांत जंगली प्राण्याची जखम सरळ तिसऱ्या श्रेणीत धरतात. म्हणजे लस आणि जखमेत रेबीजविरोधी सिरम, दोन्ही. हा अतिरेक वाटला तर सिन्नरशेजारच्या अकोले तालुक्यातला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांचा अभ्यास आठवावा. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता, म्हणजे कुत्र्याचा रेबीज बिबट्यापर्यंत पोचायला वाट आहे.

“पोटात चौदा देणार का?” तिने विचारलं. ही भीती आईकडून आलेली असावी. ती जुनी लस देशात 2004 साली बंद झाली. आता दोन्ही दंडांवर कातडीतच 0.1 मिलीची एकेक टोचणी. जागेवर मुगाएवढा फुगवटा येतो. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. दुखलं ते सिरम. मनगटावर मांस कमी, त्या रेघेतच सुई शिरते. तिने ओठ दाबले आणि मुकादमाने भिंतीवरच्या तक्त्याकडे तोंड फिरवलं.

मग सिस्टरने केसपेपरवर तारखा घातल्या. पहिला दिवस शून्य धरायचा. पुढे तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. लस फुकट, सिरम फुकट. पण मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. ती आली नाही तर त्याचंही काम अडतं आणि मजुरीतून खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला जातो. रोगाची लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, आणि दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. खाड्याचा फटका मात्र लगेच. ‘साधा ओरखडा’ म्हणून फडात परतणाऱ्याला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

“अठ्ठाविसाव्याला टोळी कुठं असंल काय सांगू,” मुकादम म्हणाला.

“असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात हा कागद दाखवा. हरवू नका. आणि पुन्हा पिल्लू दिसलं तर लांब व्हा, 1926 ला फोन करा. आई तिथंच कुठंतरी असते.”

तिने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि मुकादमाला विचारलं, “आजचा खाडा धरणार का?”

“आजचा नाही. तिसऱ्या दिवसाचं बघू.”

“बघू काय?” सिस्टर पुढच्या केसपेपरवरून मान न उचलता म्हणाली. “सकाळी नऊला घेऊन या. गर्दी नसते, अकराला फडात पोचाल.”