कोकणात हीटर कशाला?

रोह्याजवळच्या वरसेसारख्या गावात जुन्या गाडीचा हीटर हा थट्टेचाच विषय. घामाच्या धारा लागणाऱ्या मुलखात तो हवाय कुणाला? त्याची कळ वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही. मग जुलैत कोलाडवरून ताम्हिणीच्या घाटात शिरलं, की त्याची आठवण होते. पावसाने काच गार झालेली, आत चार माणसांचे श्वास आणि ओले कपडे. हवेतली वाफ काचेवर आतून बसते आणि समोरचं दिसेनासं होतं. फडक्याने पुसलेली काच लगेच पुन्हा धुरकटते. एसी नसलेल्या गाडीत बाहेरची हवा आत घेऊन ती गरम करून काचेवर सोडणं, हाच खात्रीचा उपाय.

हीटरने पेट्रोल जास्त जळतं, हीही अशीच एक समजूत. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनातलं थोडं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं, म्हणजे वाया जाणारीच उष्णता वापरली जाते. जास्तीचा खर्च पंख्याच्या विजेपुरता. उलट चढावर तापमानाचा काटा वर जाऊ लागला, तर हीटर पूर्ण उघडल्याने इंजिनाला थोडा उतारच पडतो. बसणारे भाजून निघतात, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यात चिवट गैरसमज थर्मोस्टॅटचा. ‘आपल्याकडे उकाडा, काढून टाका’ म्हणत तो सर्रास काढला जातो. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं, हे त्याचं काम. तो नसला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि हीटरमधून कोमट वारा येतो. मग दोष जाळीवर ढकलून डॅशबोर्ड उघडायची तयारी सुरू होते!

त्याआधी इंजिन तापवून बंद करावं, हीटरची कळ पूर्ण उघडी ठेवावी आणि हीटरला जोडलेल्या दोन्ही होजना, म्हणजे रबरी नळ्यांना, जपून हात लावावा. रेडिएटरच्या झाकणाला मात्र गाडी गार झाल्याशिवाय हात लावू नये. होज कोमटच असतील तर संशय थर्मोस्टॅटवर. दोन्ही गार असतील तर पाणी कमी, आत हवा अडकलेली किंवा हीटरकडे पाणी सोडणारा वॉल्व्ह बंद. एक गरम, एक गार म्हणजे बहुधा जाळी तुंबलेली. दोन्ही चांगले गरम असूनही वारा गार येत असेल, तर हवा वळवणारा फ्लॅप आणि त्याची केबल पाहावी.

कळीपासून वॉल्व्हपर्यंत जाणाऱ्या केबलवर जोर करणं महागात पडतं, आतली तार वाकते. पुष्कळदा बाहेरचं आवरण धरणारी क्लिप सुटलेली असते. कळ सरकते, वॉल्व्ह जागचा हलत नाही. एकाने कळ हलवावी, दुसऱ्याने बॉनेट उघडून वॉल्व्हकडे पाहावं.

बर्फ पडत नाही म्हणून रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी चालतं, हेही खरं नाही. कूलंटमधली रसायनं गंज रोखतात. नुसत्या पाण्याने धरलेला गंज आधी हीटरच्या बारीक नळ्या बुजवतो.

काच धुरकटू नये म्हणून आणखी एक सोय असते. कुर्ल्याला १९६४ पासून बनलेल्या फिएटची, म्हणजे पुढच्या पद्मिनीची, दारावरची त्रिकोणी काच फक्त वारा आत घेण्यासाठी नव्हे. ती किंचित उघडली तर चालत्या गाडीतली दमट हवा बाहेर ओढली जाते.

पायाखालचं कार्पेट ओलं झालं की ‘हीटर गळतोय’ असा निकाल लागतो. त्या पाण्याला बोट लावून पाहावं. चिकट, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. स्वच्छ असेल तर पावसाचं. तेव्हा काचेखालच्या जाळीतली कुजलेली पानं काढून निचऱ्याची भोकं मोकळी करावीत.