पद्मिनीला रेडिएटर कोणता?

सटाण्यातून आज बोलूया प्रीमियर पद्मिनीबद्दल. कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची गाडी. रेडिएटर गेलाय, नवा कोणता घ्यायचा?

ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण गळला की गावात दुरुस्ती अवघड. तांब्या-पितळेचा जड, पण त्याला डाग देता येतो. म्हणून मी तोच सुचवेन.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, आधी कंपॅटिबिलिटी बघा. जुना रेडिएटर सोबत न्या. कोअरची उंची, रुंदी, जाडी, होजपाइपचं माप आणि बोल्टची भोकं जुळवा. झाकण मूळ प्रेशरचंच ठेवा, नाहीतर जुने होज फाटू शकतात.

बसवण्याआधी इंजिन फ्लश करा. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी नवा रेडिएटरही चोंदतो. मग कसारा घाट चढताना इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं, तर खर्च भलताच वाढतो!