‘आढळले नाही’ या शेऱ्याची पारख

एखाद्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे सहस्रावधी नमुने तपासले जातात आणि प्रत्येक नमुन्यापुढे ‘आढळले नाही’ असा एकच शेरा पडत राहतो, तेव्हा त्या शेऱ्याचे दोन अर्थ संभवतात. जे शोधावयाचे ते नमुन्यात खरोखरीच नाही, हा पहिला अर्थ. ते नमुन्यात आहे, परंतु शोधणाऱ्यास सापडत नाही, हा दुसरा. नोंदवहीत हे दोन्ही अर्थ अगदी एकसारखे दिसतात. त्यांतील भेद ओळखावयाचा कसा, हा प्रश्न युरोपातील मांसतपासणीच्या क्षेत्रात फार जुना आहे आणि त्याचे उत्तर शोधताना तेथे बरीच मोठी किंमत मोजावी लागली आहे.

डेन्मार्क या छोट्या देशाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. डुकराच्या मांसाची निर्यात हा तेथील शेतीचा एक आधार होय. डुकराच्या स्नायूंत राहणारी ट्रिकिनेला नावाची सूक्ष्म अळी त्या देशातील पाळीव डुकरांत १९३० नंतर आढळलेली नाही. तथापि तिच्यासाठी लक्षावधी डुकरांची तपासणी दशकानुदशके होत आली. अशा ठिकाणी एखादा तंत्रज्ञ तरुणपणी नोकरीस लागून निवृत्त होईपर्यंत तपासणीच्या कामात एकदाही ही अळी न पाहता आपली सेवा पूर्ण करील, हे सहज शक्य आहे. जी वस्तू कधी दिसलीच नाही ती उद्या समोर आली, तर त्याच्या नजरेस ती ओळखू येईल काय?

ट्रिकिनेलाचा जीवनक्रम थोडक्यात असा. दूषित मांस कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ले गेले की जठरातील आम्ल व पाचकरस मांस विरघळवितात आणि त्यातील अळ्या मोकळ्या होतात. लहान आतड्यात त्यांची वाढ होते, नर-मादींचा संयोग होतो आणि मादी अंडी न घालता जिवंत पिलांनाच जन्म देते. ही पिले रक्तावाटे शरीरभर पसरून स्नायूंच्या पेशींत शिरतात व तेथे वेटोळे करून राहतात. रोग्यास प्रथम जुलाब, मग ताप, डोळ्यांभोवती सूज आणि असह्य अंगदुखी होते. हृदयास किंवा मेंदूस इजा झाल्यास मृत्यूही ओढवतो. स्नायूतील अळी सुमारे एक मिलिमीटर लांबीची, केसाहूनही बारीक आणि पारदर्शक असते. कत्तलखान्यातील निरीक्षकाने मांस कितीही निरखून पाहिले, तरी ती दिसत नाही.

डोळ्यांवर विसंबून चालले नाही

लंडनमध्ये १८३५ साली जेम्स पॅजेट या वैद्यकाच्या विद्यार्थ्यास शवविच्छेदनाच्या वेळी ही अळी प्रथम दिसली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून तिला नाव दिले. ती माणसाचा जीव घेते हे मात्र पुढे पंचवीस वर्षांनी कळले. ड्रेस्डेन येथे १८६० मध्ये एक तरुण मोलकरीण विषमज्वराने वारली असे समजले जात होते. फ्रीडरिख त्सेंकर यांनी तिचे स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते अळ्यांनी भरलेले आढळले. ती ज्या घरी काम करीत असे तेथे नाताळच्या सुमारास डुक्कर मारले होते. त्या डुकराच्या राखून ठेवलेल्या मांसातही त्याच अळ्या निघाल्या. पुढे १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या गावात तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि शंभरावर दगावली. रुडोल्फ व्हिरखो यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आग्रह धरल्यावर जर्मनीत डुकराच्या मांसाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी क्रमाक्रमाने सक्तीची झाली. मांसाचे लहान लहान तुकडे दोन जाड काचांमध्ये दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे हजारो निरीक्षक नेमले गेले.

एवढी यंत्रणा उभी राहिल्यावर रोग थांबावयास हवा होता. तो कमी झाला, पण थांबला नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स यांनी जर्मनीतील रोग्यांच्या नोंदींचा अभ्यास करून १९०१ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातील निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. १८८१ ते १८९८ या काळातील रोग्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश माणसांनी तपासून निर्दोष ठरविलेले मांस खाल्ले होते. या अहवालामागे दोन देशांतील व्यापाराचा वाद होता हे खरे. जर्मनीने अमेरिकेचे डुकराचे मांस दीर्घकाळ अडवून धरले होते आणि स्टाइल्स यांना आपल्या देशाची बाजू मांडावयाची होती. तरीही नोंदी जर्मनीच्याच होत्या. शिक्का बसलेल्या मांसाविषयी ग्राहक निर्धास्त होतो व ते नीट न शिजविता खातो. म्हणजे सदोष तपासणी ही तपासणी नसण्यापेक्षाही घातक ठरू शकते. अमेरिकेने आपली सूक्ष्मदर्शकीय तपासणी १९०६ मध्ये बंद केली व मांस पूर्ण शिजवून खाण्याच्या प्रचारावर भर दिला, त्यामागे हाही विचार होता.

शंभर वर्षांनंतर फ्रान्सला तोच अनुभव आला, तोही डुकरामुळे नव्हे, तर घोड्यामुळे. फ्रान्समध्ये घोड्याचे मांस पुष्कळदा कच्चे किंवा अर्धेकच्चे खाल्ले जाते. घोडा हा गवत खाणारा प्राणी. त्याला ही अळी कशी लागावी, असे कोणासही वाटेल. परंतु चाऱ्यात मिसळलेले मांसाचे तुकडे वा उंदरांचे अवशेष घोडा खातो आणि त्यातून त्यास लागण होते, असे मानले जाते. १९८५ मध्ये तेथे परदेशांतून आणलेल्या घोड्यांच्या मांसामुळे दोन साथी आल्या आणि हजाराहून अधिक लोक आजारी पडले. त्यानंतर घोड्याच्या मांसाची तपासणी होऊ लागली. असे असूनही १९९८ मध्ये तूलूझच्या परिसरात पुन्हा दोन साथी येऊन पाचशेहून अधिक लोकांना बाधा झाली. या खेपेस तपासणीचा नियम होता, प्रयोगशाळा होत्या आणि पद्धतही काच दाबून पाहण्याची राहिली नव्हती. उणीव होती ती काम रोजच्या रोज कसे केले जाते, याच्या खातरजमेची.

दोन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम पेप्सिन

आज युरोपीय संघात व इतरत्र जी पद्धत प्रमाण मानली जाते, ती निसर्गाचीच नक्कल आहे. जठरात जे घडते तेच काचपात्रात घडवून आणावयाचे. २०१५ मध्ये या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १८७४३, प्रसिद्ध झाले. साधारणपणे शंभर डुकरांपैकी प्रत्येकाचा एक ग्रॅम स्नायू घेऊन शंभर ग्रॅमचा एकत्रित नमुना करतात. छाती व पोट यांना विभागणाऱ्या मध्यपटलाच्या स्नायूत अळ्यांचे प्रमाण अधिक असते, म्हणून नमुना तेथूनच घ्यावयाचा. बारीक केलेले हे मांस पेप्सिन व हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेल्या दोन लिटर कोमट पाण्यात टाकून चुंबकीय ढवळणीने किमान अर्धा तास ढवळतात. मांस विरघळते, अळ्या तशाच राहतात. मग ते द्रव बारीक चाळणीतून तोटीच्या नरसाळ्यात ओततात, अर्धा तास स्थिर ठेवतात, तळाशी बसलेला थोडा भाग काढून पुन्हा निवळू देतात आणि शेवटी उरलेले दहा मिलिलिटर पाणी चौकटी आखलेल्या बशीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंभर डुकरांचा निवाडा त्या बशीत होतो.

वाचताना ही कृती पाकक्रियेइतकी सोपी वाटते, आणि घात तेथेच होतो. पाण्यात आधी आम्ल मिसळावयाचे, नंतर पेप्सिन आणि मग मांस, असा क्रम ठरलेला आहे. तो उलटसुलट झाला, तर पेप्सिन निकामी होण्याचा संभव असतो. द्रवाचे तापमान ४४ ते ४६ अंश सेल्सिअस असावे लागते. त्याहून बरेच वाढले तर पेप्सिन नष्ट होते, घटले तर मांस नीट विरघळत नाही. पेप्सिनची बाटली जुनी किंवा दमट जागी ठेवलेली असली, तर तिची शक्ती उतरते. मात्र बाटलीकडे पाहून ते मुळीच कळत नाही. चाळणीवर मूळ नमुन्याच्या पाच टक्क्यांहून अधिक मांस न विरघळता उरले, तर ती तपासणी झाली असे समजता येत नाही. गढूळ पाण्यात अळी दिसत नाही, म्हणून ते निवळून घ्यावे लागते. आणि नमुना घेणाऱ्याने स्नायूऐवजी चरबीचाच तुकडा कापला असेल, तर पुढची सर्व दक्षता निरर्थक ठरते. यांपैकी कोणतीही चूक घडली, तरी नोंदवहीत तोच शेरा पडतो: आढळले नाही.

नमुन्याच्या वजनाचेही एक गणित आहे व ते शिक्षकांना वर्गात मांडता येण्याजोगे आहे. समजा, एखाद्या जनावराच्या प्रत्येक ग्रॅम मांसात सरासरी एक अळी आहे व अळ्या कोठेही विखुरलेल्या आहेत. त्यातून एकच ग्रॅम घेतला, तर त्या तुकड्यात एकही अळी नसण्याची शक्यता शंभरात सदतीस इतकी असते. ग्रॅममागे सरासरी तीन अळ्या असतील तर ती शंभरात पाचावर येते. तेच एका ग्रॅमऐवजी पाच ग्रॅम घेतले, तर ग्रॅममागे एक अळी असतानाही ती निसटण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी राहते. घोड्याच्या जिभेचा किंवा जबड्याचा किमान पाच ग्रॅम स्नायू तपासावा, असा आजचा नियम आहे. त्यामागचे कारण यावरून ध्यानात येईल. या मर्यादेवर कोणाच्याही कौशल्याने मात करता येत नाही. कौशल्य हवे ते नमुन्यात आलेली अळी हातची न जाऊ देण्यासाठी.

अनोळखी पाकीट

या कौशल्याची परीक्षा घेण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिला प्रावीण्य चाचणी म्हणतात. युरोपीय संघाची परजीवीविषयक संदर्भ प्रयोगशाळा रोम येथे आहे. कॅनडात हे काम सास्काटून येथील शासकीय केंद्र करते. अशा केंद्रात निरोगी मांसाच्या गोळ्यात सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घेतलेल्या अळ्या ठेवतात. कधी तीन, कधी दहा, कधी एकही नाही. गोळ्यावर सांकेतिक क्रमांक घालून तो मोहोरबंद करतात आणि तपासणीस प्रयोगशाळेकडे पाठवितात. आत काय आहे हे तेथील कोणासही ठाऊक नसते. प्रयोगशाळेने नेहमीच्याच उपकरणांनी, नेहमीच्याच माणसांकडून व नेहमीच्याच वेळात त्याची तपासणी करून सापडलेल्या अळ्यांची संख्या कळवावयाची. नुसते ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगून भागत नाही. दहापैकी आठ अळ्या सापडणे आणि दहापैकी दोन सापडणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेचे उत्तर ‘आहे’ असे बरोबर असले, तरी तिच्या हातून बहुतेक अळ्या वाहून गेल्या आहेत. रिकाम्या गोळ्यात अळी ‘सापडली’, तर तेही अपयशच. बहुधा चाळणी किंवा नरसाळे आधीच्या नमुन्यानंतर नीट धुतलेले नसते.

याखेरीज प्रयोगशाळेचा प्रमुखही अधूनमधून न सांगता ज्ञात अळ्यांचा नमुना रोजच्या कामात मिसळून देतो. तापमापक व तराजू ठराविक काळाने प्रमाणित उपकरणांशी ताडून पाहतात. पेप्सिनच्या प्रत्येक बाटलीचा क्रमांक आणि प्रत्येक तपासणीचे तापमान लिहून ठेवतात. ही लिखापढी कंटाळवाणी आहे, यात शंका नाही. तंत्रज्ञांची त्याबद्दल तक्रारही असते. परंतु १९९८ सारखा प्रसंग उद्भवला, तर दोष कोठे घडला ते या नोंदींशिवाय कळण्यास मार्ग नसतो.

महाराष्ट्रातील वाचकांस ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापासाठी रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या जातात, तेव्हा त्यांतील काही पट्ट्या फेरतपासणीसाठी वरच्या प्रयोगशाळेकडे जातात, आणि त्यांत ‘दोष नाही’ असा शेरा मिळालेल्या पट्ट्याही असतात. क्षयरोगाच्या थुंकी तपासणीतही पहिल्या तपासनिसाचा निष्कर्ष झाकून दुसऱ्याकडून काचपट्टी पुन्हा पाहण्याची पद्धत राबविली गेली. ही फेरतपासणी म्हणजे आपल्यावरील अविश्वास असे काही कर्मचाऱ्यांना वाटते. तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते बरोबर नाही. ज्या गावात हिवताप ओसरत चालला आहे, तेथील तंत्रज्ञाच्या पुढे दोषी पट्टी क्वचितच येते, आणि डेन्मार्कमधील तंत्रज्ञाची जी अडचण तीच त्याचीही होते.

प्रावीण्य चाचणीत प्रयोगशाळा अनुत्तीर्ण झाली, तर तिला आधी कारण शोधावे लागते: नमुना पुरता विरघळला होता काय, चाळणीची छिद्रे बुजली होती काय, बशी पाहण्यास पुरेसा वेळ दिला होता काय. दोष दूर केल्यावर नव्या सांकेतिक क्रमांकांचे गोळे पुन्हा पाठविले जातात. त्यांची उत्तरे जुळेपर्यंत, त्या प्रयोगशाळेने गेल्या चाचणीनंतर ‘आढळले नाही’ असा शेरा दिलेल्या मांसाचे काय, हा प्रश्न तिच्या प्रमुखापुढे उभाच असतो. आणि ते मांस बहुधा केव्हाच खाऊन संपलेले असते.