वाकडी दिसणारी सरळ वाट: पुणे ते फ्रँकफर्ट

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकून चाकणकडे निघालं की कुरुळी लागतं. चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने 2009 मध्ये उभे राहिले, तेव्हापासून या पट्ट्यातल्या साहेबलोकांना जर्मनीची वारी नवी राहिलेली नाही. त्या वारीचं हवाई अंतर मोजू लागलं की गंमत सुरू होते.

पुण्याचा लोहगाव विमानतळ ते फ्रँकफर्ट हे अंतर सुमारे 6,680 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराकच्या आसपासून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरा, तो बराच उत्तरेकडून जातो आणि वाटेचा मध्य अझरबैजानात, कास्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यापाशी येतो. नकाशात वाकडी दिसणारी ही वाट हीच खरी जवळची. प्रत्यक्षात विमान याही रेषेवर नेमकं राहत नाही. कुठल्या देशाचं आकाश खुलं आहे, यावर वळणं ठरतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, आणि उत्तर भारतातून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना लांबचा वळसा पडू लागला.

वेळेचा हिशेब वारा बिघडवतो. उंचावर वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. विमानाचा स्वतःचा वेग ताशी 830 किलोमीटर आणि वाऱ्याचा 50 धरला, तर जाताना सुमारे साडेआठ तास लागतील, येताना साडेसात. चढण, उतरण आणि धावपट्टीपर्यंतची रांग यात धरलेली नाही. घड्याळाचा खेळ वेगळाच: फ्रँकफर्ट उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार.

हे अंतर थेट पार करायचं तर मोठं विमान हवं, आणि तिथेच लोहगाव आडवं येतं. हा मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर, शिवाय जागा समुद्रसपाटीपासून जवळजवळ 600 मीटर उंच. विरळ, तापलेल्या हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून उडताना भार हलका ठेवावा लागतो. तरीही 2008 मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली, तीही बोइंग 737 जातीच्या छोट्या बिझनेस जेटवर. पोटात इंधनाच्या जादा टाक्या, वर मोजक्याच खुर्च्या! ते चालवणारी प्रिव्हॅटएअर ही स्वित्झर्लंडची कंपनी 2018 च्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली.

कुरुळीहून लोहगाव सरळ रेषेत सोळा-सतरा किलोमीटर. मुंबईचा विमानतळ रस्त्याने शंभरावर किलोमीटर, आणि युरोपची मोठी विमानं तिथूनच उडतात. नवा विमानतळ चाकण-खेड भागातच होणार, अशी चर्चा इथे कित्येक वर्षं चालली. अखेर 2016 मध्ये जागा पुरंदरला ठरली, म्हणजे कुरुळीकरांना अख्खं पुणे ओलांडून पलीकडे.