नवा डाव, जुना हात

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'प्रोफेसर केळफा' नावाचा एक जादूगार प्रयोग करायचा. हे नाव उलटीकडून वाचा. फाळके! भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते दादासाहेब एके काळी स्टेजवर जादू करून दाखवत होते.

जादू हा तर त्यांच्या अनेक उद्योगांपैकी एक. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी मुंबईच्या जे. जे.त चित्रकला शिकून घेतली आणि बडोद्याच्या कलाभवनात बाकीच्या कला. गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा मांडला, तो प्लेगने बसवला. मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी मिळाली आणि तीही सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. रंगीत छपाईचं तंत्र शिकायला १९०९ मध्ये थेट जर्मनी गाठली. छापखाना नावारूपाला आला, तेवढ्यात भागीदारांशी बिनसलं आणि दादासाहेब अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. वय चाळिशीच्या आसपास. घरातल्या एखाद्या मामांनी हा बायोडेटा पाहिला असता तर एकच शेरा मारला असता: एक ना धड भाराभर चिंध्या.

गंमत अशी की, सिनेमाला नेमक्या याच चिंध्या हव्या होत्या. पडदे रंगवायला चित्रकार हवा, कॅमेरा चालवायला फोटोग्राफर हवा, फिल्म धुवायला रसायनं जाणणारा हवा आणि पडद्यावर माणूस गायब करायला जादूगार तर हवाच हवा. १९१३ च्या हिंदुस्थानात हे सगळं एकाच माणसाच्या हातात होतं.

कुंडीतला वाटाणा

१९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि दादासाहेबांना सिनेमाने झपाटलं. रात्रंदिवस चित्रपट पाहून, झोपेचं खोबरं करून त्यांनी डोळे इतके ताणले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परतली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी धंद्यातले धोके सांगितले, आणि गडी मागे हटत नाही म्हटल्यावर मनापासून मदत केली. दादासाहेब विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परतले.

परतल्यावर पैसे कोण देणार? सिनेमा कसा बनतो हे माहीतच नसलेल्या सावकाराला काय दाखवायचं? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि रोप वाढत गेलं तसतशी एकेक चौकट टिपली. पडद्यावर बघता बघता माती दुभंगते, कोंब वर येतो, वेल चढते. 'अंकुराची वाढ' नावाची ही चिमुकली फिल्म पाहून भांडवल उभं राहिलं. धंदा बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही कुंडी लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. भारंभार योजना सांगण्यापेक्षा हातात मावेल एवढं काहीतरी करून दाखवलं की समोरच्याचा खिसा लवकर उघडतो.

आता थोडं दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंविषयी, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडलेली नसायची, ती हाताने पाडावी लागत. काम अंधारात, बोटांच्या अंदाजाने, एकसारख्या अंतरावर. जरा चुकलं की फिल्म कॅमेऱ्यात अडकणार. घरातली जेवणं उरकली की सरस्वतीबाई हे काम करत. शिवाय युनिटच्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक, रसायनं मिसळणं आणि चित्रीकरणात उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभं राहणं. करिअर दादासाहेबांनी बदललं असं आपण म्हणतो. खरं तर त्या घरात दोघांचं बदललं होतं.

आणि तिसऱ्या एकाचंही! 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटासाठी तारामती मिळेना. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा, नाजूक अंगकाठीचा अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेत भरला. हॉटेलात महिना दहा रुपये, इथे पंधरा. पगारवाढीवर भटारखान्यातून थेट राणीपदी! ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. चार वर्षांनी आलेल्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

रंग दिसेनात, म्हणून नांगर

जे. जे.च्या दारातून आणखी एक विद्यार्थी भलतीकडेच गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. पण काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही हे लक्षात आलं, आणि चित्रकलेचा नाद सोडावा लागला. रंग नकोत अशी चित्रकला कोणती? यांत्रिक ड्रॉइंग! ते शिकून लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियनला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीवर लाथ मारली आणि बेळगाव गाठलं. तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान होतंच. आधी कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

नांगर खपता खपेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. नेट धरून लक्ष्मणरावांनी ती मोडून काढली. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाने माजलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंग नीट दिसत असते तर कदाचित आणखी एक बरा चित्रकार आपल्याला मिळाला असता. शेतकऱ्याचा नांगर मात्र कोण जाणे कधी बदलला असता.

डॉक्टर, पडदा उघडलाय!

मराठी रंगभूमीवर डॉक्टर इतके की, प्रेक्षागृहात कुणाला भोवळ आली तर मदत स्टेजवरूनच यावी. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधल्या त्यांच्या संभाजीने १९६२ पासून असा धुमाकूळ घातला की पुढे जाहिरातीत इतर नटांची नावं झाल्यावर 'आणि…' असं लिहून शेवटी त्यांचं नाव येऊ लागलं. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी दोन्ही डगरींवर पाय ठेवून तोल सांभाळला: एकीकडे बी. जे. मेडिकलमध्ये अध्यापन, दुसरीकडे 'घाशीराम'मधला नाना.

सर्वात मोठी उडी श्रीराम लागूंची. कान-नाक-घशाचे सर्जन, परदेशात शिकलेले, पुण्यात आणि मग टांझानियातल्या टाबोरा गावी प्रॅक्टिस केलेले. १९६९ मध्ये, एक्केचाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी पूर्ण वेळ नट व्हायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० ला, 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. घशाचा डॉक्टर आणि आप्पासाहेब बेलवलकरांची ती लांबलचक स्वगतं, हा योग मला फार आवडतो. मात्र लागूंची उडी अंधारात मारलेली नव्हती. पुण्यात भालबा केळकरांच्या पी.डी.ए. या नाट्यसंस्थेत ते १९५० च्या दशकापासूनच नाटकं करत होते. नोकरी-व्यवसाय सांभाळून, रात्रीच्या तालमी करून, वर्षानुवर्षं. राजीनाम्याचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याआधीच्या त्या तालमींची आठवण कुणी काढत नाही, आणि माझ्या मते सगळं मर्म त्यांच्यातच आहे.

घंटी, खुरपं आणि खातेवही

बंगळुरूच्या सिटी बसमध्ये तिकिटं फाडणारा मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला गेला, त्याला पैशांची मदत करणारा होता त्याच बससेवेतला ड्रायव्हर मित्र. १९७५ मध्ये के. बालचंदर यांनी त्याला पडद्यावर आणलं. शिवाजी नावाचा एक बडा नट तमिळमध्ये आधीच होता, म्हणून नाव बदलून आपल्याच जुन्या कथेतल्या एका पात्राचं ठेवलं: रजनीकांत.

निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. त्या तुटपुंज्या पगारातूनही राष्ट्र सेवा दलासाठी पैसे बाजूला काढायचे. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने त्यांना पडद्यावर आणलं, आणि रोपांना पाणी घालणारा हा हळवा माणूस महाराष्ट्राचा सर्वात जास्त शिव्या खाणारा खलनायक झाला. अमोल पालेकर जे. जे.चे चित्रकार, पोटापाण्यासाठी बँक ऑफ इंडियात कारकून. पडद्यावर त्यांनी उभा केलेला साधासुधा, शर्ट खोचून ऑफिसला निघालेला मध्यमवर्गीय तरुण इतका खरा वाटतो, त्यात त्या बँकेच्या टेबलाचा वाटा नक्की असणार. आता ते पुन्हा कुंचल्याकडे वळलेत.

नारायण सुर्वे तर एकाच शाळाव्यवस्थेत दोनदा दाखल झाले. गिरणीत राबले, मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, परीक्षा दिल्या आणि महापालिकेच्याच शाळेत शिक्षक म्हणून उभे राहिले. १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' हा कवितासंग्रह आला, १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. शाळेत घंटा देणाऱ्या हाताने लिहिलेल्या कविता मुलं पुढे क्रमिक पुस्तकात वाचू लागली.

नाण्यांचं वजन

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मुळात गणिती. नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीला, पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला ये-जा. संख्याशास्त्राची पद्धत कुठेतरी प्रत्यक्ष वापरून पाहावी म्हणून त्यांनी प्राचीन नाणी हातात घेतली. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं. मग हजारो नाण्यांची अचूक वजनं घेतली तर ती किती काळ चलनात होती हे का सांगता येऊ नये? वजनं घेऊन झाली, पण पुढचा प्रश्न तयार होता: ही नाणी पाडली कुणी? त्याचं उत्तर शोधायला संस्कृत ग्रंथ हवेत, म्हणून भाषेचा कसून अभ्यास. १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाची मांडणीच बदलणारं पुस्तक! इतिहासकार व्हायचं असं ठरवून ते निघालेच नव्हते. एका तराजूने त्यांना तिथवर नेलं.

मुलाखतीला जाताना आधीचं काम दडवणाऱ्या मंडळींना मी कोसंबी आवर्जून सांगते. अकाउंट्समधून अध्यापनाकडे, नर्सिंगमधून विम्याकडे, दुकानातून वकिलीकडे जाताना आपण जुन्या वर्षांना 'वाया गेली' म्हणतो. त्या वर्षांतच आपली नजर घडलेली असते आणि नव्या ठिकाणी शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे ती नसते.

प्राचार्या निघाल्या गोठ्यात

ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. ते मानाचं पद सोडून त्या बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला चिमुकल्यांना शिकवायला गेल्या. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, गुरांमागे जातात असं दिसलं तेव्हा शाळाच गुरांमागे गेली: कुरणशाळा. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर हललं.

तिथे त्यांच्या साथीला होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षिकेची नोकरी. पुण्यातली बसलेली घडी मोडून बोर्डीला आल्या तेव्हा वय पस्तीस, आणि पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या. वयाचा बाऊ करणाऱ्यांनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मचरित्र जरूर वाचावं.

काही झटपट

गोव्याच्या कांदोळीचे आबे फारिया धर्मगुरू. १८१३ मध्ये पॅरिसात संमोहनाचे प्रयोग करू लागले आणि संमोहनाचं गुपित कुठल्या गूढ शक्तीत नसून समोरच्याच्या मनात आहे असं ठामपणे सांगणाऱ्या पहिल्या मंडळींत गणले गेले. पणजीला त्यांचा पुतळा आहे, हात पसरून संमोहित करणारा.

मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे विद्युत अभियंते. बंगळुरूचा कारखाना सोडून औंध संस्थानाच्या स्वराज्याच्या प्रयोगात उतरले. उतारवयात खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं त्यांनी इंग्रजीत नेली. ते पुस्तक आज जगभर वाचलं जातं. आणि महाराज? ते स्वतः विड्यांचे दुकानदार.

मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी वडिलांचं नातं असलेले लिओ वराडकर डॉक्टर होते, राजकारणात शिरले आणि २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. २०२० मध्ये करोना आला तेव्हा त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि पंतप्रधानपद सांभाळून आठवड्यातली एक पाळी आरोग्यसेवेला देऊ केली.