विश्लेषण : क्लबमध्ये वाजवायला बंदी, पुढे विद्यापीठात जॅझचा विभाग... कोण होते जॅकी मॅक्लीन?

न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये वाजवायचे तर १९५०च्या दशकात नुसती कला पुरत नसे. खिशात पोलिसांनी दिलेले कार्डही लागे. आल्टो सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन यांचे हे कार्ड गेले आणि क्लबची कमाईही थांबली. तरीही पुढे त्यांनी वादकांच्या पिढ्या घडवल्या.

सुरुवात कशी झाली?

मॅक्लीन यांचा जन्म १९३१चा, न्यूयॉर्कमधला. वडील गिटारवादक. किशोरवयातच त्यांना पियानोवादक बड पॉवेल यांचे मार्गदर्शन मिळाले. १९५१मध्ये त्यांनी माइल्स डेव्हिस यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले. त्यानंतर चार्ल्स मिंगस आणि आर्ट ब्लेकी यांच्या बँडमध्येही ते होते.

‘कॅबरे कार्ड’ काय होते?

दारू मिळते अशा ठिकाणी काम करणाऱ्या कलाकारांना १९४० पासून हा परवाना सक्तीचा होता. अमली पदार्थांच्या प्रकरणात अडकले की पोलीस तो काढून घेत. बिली हॉलिडे आणि थेलोनियस मंक यांनाही याचा फटका बसला. हेरॉइनच्या आहारी गेलेले मॅक्लीनही त्यातून सुटले नाहीत.

मग घर कसे चालले?

स्टुडिओ आणि रंगभूमीला हा नियम लागू नव्हता. त्यामुळे १९५९ पासून ‘ब्लू नोट’ कंपनीसाठी त्यांनी एकामागून एक अल्बम केले. त्याच वर्षी आलेल्या ‘द कनेक्शन’ या नाटकात ते रंगमंचावर वाजवत आणि अभिनयही करत. नाटकाचा विषय होता हेरॉइनचे व्यसन! कार्डाची सक्ती अखेर १९६७मध्ये संपली.

शिक्षक म्हणून काय केले?

व्यसनातून बाहेर पडलेले मॅक्लीन १९६८मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. पुढे तिथे आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. ट्रॉम्बोनवादक स्टीव्ह डेव्हिस आणि सॅक्सोफोनवादक जिमी ग्रीन हे त्यांचेच विद्यार्थी.

विद्यापीठाबाहेरच्या मुलांसाठी १९७०मध्ये त्यांनी पत्नी डॉली यांच्यासह ‘आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह’ ही संस्था सुरू केली. वस्तीतल्या मुलांना तिथे संगीत, नृत्य, नाटक शिकवले जाऊ लागले. मुले रस्त्यावरच्या नशेपासून दूर राहावीत, हाही हेतू होता.

आज त्यांचे महत्त्व काय?

मॅक्लीन यांच्या पिढीने जॅझ शिकला तो ज्येष्ठांच्या सहवासात आणि क्लबमध्ये. ती शिकवण त्यांनी पदवीच्या अभ्यासक्रमात आणली, पण वादन सोडले नाही. २००१मध्ये त्यांना ‘एनईए जॅझ मास्टर’ हा अमेरिकेतील जॅझचा सर्वोच्च सन्मान मिळाला. २००६मध्ये त्यांचे निधन झाले. हार्टफर्डमधील जॅझ विभागाला आज त्यांचेच नाव आहे.